टेलि-मानस १४४१६ : मित्र गेल्यावर लावायचा नंबर

ठाण्यात घोडबंदर रोडवर बाईकच्या अपघातात कुणी गेलं, की विचारपूस घरच्यांची होते. जिवलग मित्राला ना रजा मिळते, ना कुणी त्याचं सांत्वन करतं. अशा माणसाला टेलि-मानस ही केंद्र सरकारची फोनवरून मानसिक आधार देणारी मोफत सेवा खरंच आधार देते. १० ऑक्टोबर २०२२ पासून, २४ तास. फोन लावून मराठी निवडा. समुपदेशक बोलतात, गरज असेल तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे जोडून देतात.

लोक अडतात पहिल्या वाक्यापाशी. म्हणून आधी कागदावर लिहा: अपघात कधी झाला, झोप किती तास लागते, जेवण जातं का, करकचून ब्रेक लागला की छातीत धस्स होतं का. ‘मीच त्याला उशिरापर्यंत थांबवलं’ असं काही सलत असेल तर तेही सांगा. पुष्कळदा गाठ तिथेच असते. जगणंच नकोसं झालं असेल तर ते सगळ्यात आधी. फोन संध्याकाळी तलावपाळीवरून नको, हॉर्नमध्ये काही ऐकू येत नाही.

एका फोनने भागत नाही. महिना उलटूनही तो प्रसंग डोळ्यांसमोरून हलत नसेल तर प्रत्यक्ष डॉक्टर गाठा. ठाण्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नावाला बिचकू नका.