हॉर्स वॉकर विकत घेण्याआधी हे वाचा

पागेसाठी हॉर्स वॉकर, म्हणजे फिरत्या फाटकांच्या मध्ये घोड्यांना गोलात चालवणारं मोटरचं यंत्र, घ्यायच्या विचारात असाल तर आगाऊ रक्कम देण्याआधी आमच्याशी काय झालं ते वाचा. आमची पागा पुण्याजवळ मावळात आहे. पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो, रपेट बंद पडते आणि घोडे दिवसच्या दिवस ठाणबंद राहतात. दाणा तोच आणि फिरणं नाही, असं झालं की पुन्हा कामाला लावताच घोड्याच्या पाठीचे आणि पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे कडक होतात, लघवी काळपट लाल होते. हे ज्याने एकदा पाहिलंय तो वॉकरच्या खर्चाला नाही म्हणत नाही. विकणाऱ्याला आमची ही निकड पक्की ठाऊक होती.

त्याचं कोटेशन बघून कुणालाही भरवसा वाटला असता. चार घोड्यांचा, छपराचा, जर्मनीहून आयात केलेला वॉकर. व्यास 15 मीटर, वेग कमीजास्त करण्याची सोय, दोन्ही दिशांना फिरणारा, चालू होताना हळूहळू वेग घेणारा. 60 टक्के आगाऊ, 30 टक्के माल निघताना, उरलेले बसवून झाल्यावर. आयातीचं बिल ऑफ एंट्री मागितलं की ‘एजंटकडून येतंय, साहेब’ हेच उत्तर. शेवटी आला तो त्याच्याच लेटरहेडवरचा इनव्हॉइस. परदेशी माल बिल ऑफ एंट्री भरल्याशिवाय कस्टम्समधून सुटत नाही. त्यामुळे माल खरोखर आयातीचा असेल तर हा कागद कुणाकडे तरी असतोच, आणि तो दाखवायला महिना लागत नाही.

बसवून झाल्यावर आम्ही टेप लावली. 15 मीटर भरले ते छपराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. बाहेरच्या कुंपणाचा व्यास साडेबारा, आणि घोडा प्रत्यक्ष ज्या रेषेवर चालतो त्या गोलाचा व्यास जेमतेम 10 मीटर. एवढ्या आखूड गोलात घोडा सतत आतल्या बाजूला वाकून चालतो आणि सांध्यांवर एकतर्फी भार येतो. म्हणून कोटेशनमध्ये ‘व्यास’ एवढंच लिहून घेऊ नका. घोड्याच्या चालण्याच्या वाटेच्या मध्यापासून समोरच्या मध्यापर्यंत किती, ते लिहून घ्या.

पुढचा प्रकार जास्त गंभीर होता. बटण दाबताच वॉकर हळूहळू सुरू न होता हिसका देऊन फिरला. आत आमची कुमैत घोडी होती, वयाने लहान. मागचं फाटक तिच्या पुठ्ठ्यावर आदळलं, ती उसळली, पुढचा नाल निघून पडला आणि मागच्या पायाला खुराच्या वरच्या सांध्यात सूज आली. सईसाने लाल बटण दाबून यंत्र बंद केलं म्हणून तेवढ्यावर निभावलं. जनावरांच्या डॉक्टरांनी तिला सक्तीची विश्रांती सांगितली.

वायरमनला बोलावून पॅनेल उघडलं. वेगाचं बटण म्हणून बाहेर जो गोल खटका बसवला होता, त्याच्या मागे एकही वायर नव्हती. आकड्यांच्या पट्टीवर तो शून्यापासून दहापर्यंत छान फिरायचा, पण कशालाच जोडलेला नव्हता. वेग कमीजास्त करणारा आणि मोटर सावकाश उचलणारा ड्राइव्ह आत नव्हताच, मोटर थेट स्टार्टरवर होती. दिशा बदलण्याची सोयही नव्हती. रोज एकाच अंगाने चालवलं तर घोडा एका बाजूनेच घडतो, म्हणून ती सोय लागतेच. गिअरबॉक्सवर जर्मन अक्षरांची चकचकीत पाटी होती. पाटीशेजारचा रंग खरवडला तेव्हा रंगाखाली जुन्या पाटीच्या रिव्हेटची बुजवलेली भोकं दिसली.

सगळ्यात संताप आणणारी गोष्ट फाटकांच्या जाळीची. घोडा फाटकाला रेलू नये म्हणून जाळीत हलका झटका सोडतात. तो कुंपणासाठीच्या एनर्जायझरमधून यायला हवा. एनर्जायझर साधारण सेकंदाला एकदा क्षणभराचा झटका देतो आणि त्यातली ऊर्जा मर्यादित असते. इथे घरगुती लाइनवरून एक साधा ट्रान्सफॉर्मर लावून जाळीत सलग करंट सोडायची जोडणी होती. घोड्याला विजेचा धक्का माणसापेक्षा कमी दाबावरही घातक ठरतो, त्यात पायात लोखंडी नाल आणि खाली ओली वाळू. नव्या घोड्यांसाठी आम्ही जाळी बंद ठेवली होती, नाहीतर पुढचं लिहिण्याची हिंमत झाली नसती. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, ‘सगळीकडे असंच असतं.’ असं कुठेही असता कामा नये.

इथल्याच वर्कशॉपमध्ये नीट बनवलेला वॉकर असेल तर त्यात काहीच कमी नाही. लोखंड इथे मिळतं, चांगला ड्राइव्ह मिळतो, बनवणारे हातही आहेत. आम्हाला राग आहे तो खोट्या पाटीचा आणि जिवावर बेतणाऱ्या जोडणीचा. तुम्ही घेणार असाल तर आधी त्यानेच बसवलेला दुसरा वॉकर त्या पागेत जाऊन रिकामा चालू करायला लावा, दिशा बदलायला लावा, तिथल्या सईसाशी मालकाच्या पाठीमागे बोला. जीएसटी क्रमांक पोर्टलवर तपासा. महाराष्ट्रातली नोंदणी 27 ने सुरू होते. आणि निम्म्याहून जास्त रक्कम घोडे आत चालेपर्यंत हातात ठेवा.

ग्राहक आयोगाकडे जाऊ, असं आम्हाला वाटलं होतं. वकिलांनी सांगितलं की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू बसत नाही. केवळ स्वयंरोजगारावर पोट भरणाऱ्याला सूट आहे, आणि पगारी माणसं ठेवून चालवलेली आमच्यासारखी रायडिंग स्कूल त्यात बसवणं अवघड. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रार दिली आहे आणि पैशांसाठी दिवाणी दावा वेगळा. तक्रार गेल्यापासून विक्रेत्याचे फोन येताहेत की माणूस पाठवतो, पॅनेल आणि गिअरबॉक्स दुरुस्तीला फुकट घेऊन जातो. आम्ही दोन्ही जागच्या जागी फोटो, व्हिडिओ आणि पंचांच्या सह्यांसह सील करून ठेवलं आहे. तुमच्याकडेही असा फोन आला तर एक स्क्रूसुद्धा काढू देऊ नका.