टक्कल घराण्यातलं असेल तर डोक्याला नेमकं काय लावायचं?

कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकायला लागलेत किंवा टाळूवरचं कातडं दिसायला लागलंय. घरात वडलांचं नाही तर मामाचं टक्कल आहे. आता डोक्याला लावायचं काय, या प्रश्नाशी तुम्ही अडला असाल तर हे तुमच्यासाठी लिहितो आहे. परभणीत माझं औषधाचं दुकान आहे. काउंटरवर रोज कुणीतरी मोबाईल पुढे करून "हे तेल आहे का?" विचारतं, आणि बहुतेक वेळा त्या तेलाचा घराण्यातल्या टकलाशी संबंधच नसतो.

पहिल्यांदा हे घराण्यातलंच आहे का, ते बघा. पुरुषांत केस कोपऱ्यांतून आणि टाळूवरून विरळ होतात, मागचे आणि कानाजवळचे टिकून राहतात. बायकांत कपाळाची रेघ तशीच राहते, पण भांग रुंद होत जातो. टायफॉइड, डेंग्यू किंवा बाळंतपण यानंतर दोन-तीन महिन्यांनी कंगव्यात झुबकेच्या झुबके येतात, ते वेगळं. ते केस बहुतेक वेळा आपोआप परत येतात. रुपयाएवढा गोल चट्टा पडला तर ती चाई, तिचं कारण आणखी निराळं. टक्कल फक्त आजोळकडून येतं हा समजही अर्धाच खरा आहे, दोन्हीकडचे गुण त्यात असतात.

बोअरच्या जड पाण्याला आपल्याकडे सगळ्यात जास्त शिव्या बसतात. त्या पाण्याने केस राठ होतात, तुटतातही, पण टक्कल पडत नाही. घराण्यातल्या टकलात डीएचटी नावाच्या हार्मोनमुळे केसाचं मूळच लहान होत जातं. त्याच रानात वर्षागणिक ज्वारीचं ताट बारीक निघत जावं, तसा प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड येतो. म्हणून कुठलीही बाटली उचलताना मी दोनच गोष्टी विचारतो. ती माणसांच्या याच प्रकारच्या गळतीवर तपासली आहे का? आणि ती लावणं तुमच्याकडून वर्षभर निभेल का?

मिनॉक्सिडिल

या दोन्ही प्रश्नांना तोंड देऊ शकेल असं सगळ्यात जुनं औषध हेच. मुळात ही रक्तदाबाची गोळी होती. घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, म्हणून ते डोक्याला लावून बघितलं गेलं. अमेरिकेत १९८८ साली पुरुषांसाठी २ टक्क्यांच्या द्रावणाला मंजुरी मिळाली. पुढे ५ टक्क्यांचं आलं, आणि २००२ साली छापून आलेल्या चाचणीत ४८ आठवड्यांनंतर २ टक्क्यांपेक्षा ५ टक्क्यांनी ४५ टक्के जास्त केस उगवलेले दिसले. पुरुषांनी ५ टक्क्यांचंच घ्यावं, असं मी त्यामुळे सांगतो. बायकांना २ टक्क्यांचं द्रावण, नाहीतर दिवसातून एकदाच ५ टक्क्यांचा फेस, पण डॉक्टरांना विचारून.

लावायची रीत नीट कळली नाही तर पैसे वाया जातात. डोकं कोरडं हवं, तेल नको. केसांत भांग पाडत ड्रॉपरने १ मिली कातड्यावर सोडायचं, बोटाने हलकं पसरायचं आणि लगेच हात धुवायचे. द्रावण वापरत असाल तर सकाळ-संध्याकाळ, म्हणजे ६० मिलीची बाटली बरोबर महिनाभर पुरते. लावल्यावर चारेक तास डोकं धुवायचं नाही. मे महिन्यात आपल्या उन्हात घाम इतका येतो की दुपारचं लावलेलं कपाळावर ओघळतं, आणि वरून डोक्याला दस्ती बांधली तर निम्मं दस्तीतच जातं. त्यामुळे सकाळचं आंघोळीनंतर डोकं पुसून वाळवून, आणि रात्रीचं झोपायच्या दोन तास आधी. नाहीतर उशीवरून तोंडाला लागतं आणि बायकांच्या गालावर लव वाढते.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गळती वाढते. इथेच बरेच जण बाटली फेकून देतात. गळायला आलेले जुने केस नव्यांना जागा करून देत असतात, महिना-दीड महिन्यात ते थांबतं. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. सगळ्यांना फरक पडतो असंही नाही. हे औषध कामाला लागतं ते डोक्याच्या कातडीतल्या एका एन्झाइममुळे, आणि ते एन्झाइम प्रत्येकात सारखं नसतं. टाळूवर हे औषध जास्त चालतं. वर्षानुवर्षं गुळगुळीत झालेल्या जागेवर कशाचाच उपयोग नाही. आणि बंद केलं की तीन-चार महिन्यांत मिळवलेलं परत जातं, हे घ्यायच्या आधीच मनाशी पक्कं करा.

खाज सुटली, कोंड्यासारखे पापुद्रे आले, तर बहुधा द्रावणातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलमुळे. ते नसलेला फेस महाग पडतो, पण त्यासाठी औषधच सोडून देऊ नका. छातीत धडधड, पायाला सूज असं काही वाटलं तर मात्र लगेच थांबा. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी लावू नये. घरात तान्हं लेकरू असेल तर त्याचं तोंड किंवा अंग त्या डोक्याला लागू देऊ नका, लेकराच्या अंगावर केस वाढतात. मांजराला तर हे औषध विषच आहे.

रोजमेरी

सध्या सगळ्यात जास्त मागणी या सुगंधी झाडपाल्याला. त्याच्यामागे खरोखरची एक चाचणी आहे, म्हणून झटकून टाकत नाही. २०१५ साली इराणमध्ये घराण्यातलं टक्कल असलेल्या १०० पुरुषांपैकी निम्म्यांना रोजमेरीचं द्रावण आणि निम्म्यांना मिनॉक्सिडिल दिलं. सहा महिन्यांनी दोन्हीकडे थोडे केस वाढले आणि दोघांत फार फरक निघाला नाही. रोजमेरीवाल्यांना खाजही कमी सुटली. एवढ्यावरून "रोजमेरी मिनॉक्सिडिलच्या तोडीची" असं सगळीकडे फिरतंय. पण तिथलं मिनॉक्सिडिल २ टक्क्यांचं होतं, पुरुषांसाठी कमजोर. वाढ दोन्हीकडे अगदी जेमतेम होती. तिसरा गट, ज्याला औषध नसलेलं नुसतंच काहीतरी लावायला दिलंय, असा ठेवलेलाच नव्हता. आणि घरी पाल्याचं पाणी उकळून फवारण्याची तर ती चाचणीच नव्हती.

मिनॉक्सिडिल अजिबात सोसत नसेल, किंवा गळती नुकतीच सुरू होऊन तुम्हाला आधी हळूच काहीतरी करून बघायचं असेल, तर रोजमेरी सहा महिने लावून बघायला माझी हरकत नाही. अर्काचे चार-पाच थेंब दोन चमचे खोबरेल तेलात मिसळा. निव्वळ अर्क लावला तर कातडी पोळते.

कांद्याचा रस

घराघरांत किसणीवर कांदा किसून, फडक्यातून पिळून तो रस डोक्याला चोळला जातो. माऊलीने लेकासाठी डोळ्यांतून पाणी काढत केलेलं ते काम बघून वाईट वाटतं, कारण या रसाची जी चाचणी लोक सांगतात ती २००२ साली चाईवर झाली होती. तिथे सहा आठवड्यांत २३ पैकी २० जणांना केस आले. चाईत शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच केसाच्या मुळावर उठते, आणि पुष्कळदा केस औषधाविनाही परततात. डीएचटीने बारीक झालेल्या मुळाशी त्याचा संबंध नाही. कांदा भाजीत घाला.

माका, जास्वंद, एरंडेल

खोबरेल तेलाने धुताना केसातलं प्रथिन कमी निघून जातं, हे तपासलेलं आहे. केस मऊ राहतात, कमी तुटतात. आठवड्याला तेल चोपडून डोकं दाबून घेणं कुणी सोडू नये. पण ते कातडीतल्या मुळापर्यंत काही करत नाही. माक्यावरचे जे प्रयोग सांगितले जातात ते उंदरांवरचे. एरंडेलाला घराण्यातल्या टकलाबाबत आधारच नाही, उलट दाट तेलाने केसांचा गुंता बसतो. "माझ्या जावेला जास्वंदाने फरक पडला" हे खोटं नसतं. जावेची गळती बहुधा बाळंतपणानंतरची होती आणि काही न लावताही ती थांबलीच असती. घराण्यातल्या टकलाला तशी सवलत नाही, आणि तेलावर घालवलेल्या दोन वर्षांत वाचवता आली असती ती मुळं हातची जातात.

फिनास्टेराइड लावायचं

डीएचटी तयार होण्यावरच घाव घालणारं हे औषध. डोक्याला लावल्यावर रक्तातला डीएचटी गोळीपेक्षा कमी उतरतो, एका मोठ्या चाचणीत सुमारे एक तृतीयांश, तर गोळीने निम्म्याहून जास्त. म्हणजे अंगात ते जातंच. लैंगिक इच्छा कमी होणं, मन उदास राहणं अशा तक्रारी आल्यामुळे २०२५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिथल्या मागणीनुसार बनवून विकल्या जाणाऱ्या अशा द्रावणांबद्दल सावध केलं. आपल्याकडे मिनॉक्सिडिलबरोबर मिसळलेल्या बाटल्या मिळतात आणि त्या मागायला येणारी पोरं विशी-बाविशीची असतात. मी चिठ्ठीशिवाय देत नाही. मिनॉक्सिडिलने सहा-आठ महिन्यांत भागलं नाही तर डॉक्टरांसमोर हा पर्याय मांडा. गरोदर बाईने त्या द्रावणाला हातही लावू नये, मुलगा पोटात असेल तर त्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

राहिलेलं

कोंडा खूप असेल तर किटोकोनाझोल २ टक्क्यांचा शाम्पू आठवड्यातून दोनदा जोडीला घ्या, एकटा पुरणार नाही. कॅफिनच्या ०.२ टक्के द्रावणाची भारतात २१० पुरुषांवर झालेली चाचणी २०१७ साली छापून आली, आणि सहा महिन्यांत ते ५ टक्के मिनॉक्सिडिलच्या जवळ गेलं. त्याला पुढच्या चाचण्यांची गरज आहे, पण नाव नोंदवून ठेवण्यासारखं आहे. कॉफीची पूड चोळणं म्हणजे ते नव्हे. रेडेन्सिल वगैरे महागडी सिरम्स मात्र जाहिरातीपुरती पुढे आहेत, त्याच पैशांत मिनॉक्सिडिल कितीतरी महिने येईल.

सुयांचा रोलर हा लावायचा पदार्थ नाही, पण २०१३ साली छापून आलेल्या मुंबईच्या चाचणीत १०० पुरुषांपैकी ज्यांनी मिनॉक्सिडिलला आठवड्यातून एकदा रोलरची जोड दिली त्यांच्या ठरवून मोजलेल्या जागेत बारा आठवड्यांत सरासरी ९१ केस वाढले, नुसत्या मिनॉक्सिडिलवाल्यांचे २२. रोलर केलेल्या दिवशी औषध लावायचं नसतं. ऑनलाइन मागवलेला रोलर घरातल्या दोघांनी वापरणं धोक्याचं, ते डॉक्टरांकडूनच करून घ्या.

भांग रुंद झालेल्या बायकांनी आणि लातूरला नीटच्या तयारीला गेलेल्या पोरींनी बाटली घेण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावं. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्यात किंवा अंबाजोगाईच्या स्वाराती या सरकारी मेडिकल कॉलेजात त्वचारोग विभागाची ओपीडी आहे, कमी खर्चात दाखवता येतं. जाताना आजच्या दिवशी टाळूचा आणि भांगाचा उजेडात काढलेला फोटो मोबाईलमध्ये ठेवा, दर तीन महिन्यांनी त्याच खिडकीपाशी दुसरा काढा आणि डॉक्टरांना दोन्ही दाखवा.