स्कॉटलंडमधली दोन मतं: दोन्ही एकाच पक्षाला की वाटून?

स्कॉटलंडच्या संसदेची निवडणूक असते तेव्हा मतदान केंद्रावर हातात दोन कागद देतात. फिकट जांभळ्या मतपत्रिकेवर तुमच्या मतदारसंघातल्या उमेदवारांची नावं असतात, पीच रंगाच्या मतपत्रिकेवर पक्षांची. एडिंबरा-ग्लासगोला शिकायला किंवा नोकरीला आलेल्या बऱ्याच मराठी मंडळींना मुळात आपल्याला इथे मत आहे हेच ठाऊक नसतं. भारतीय नागरिक म्हणजे राष्ट्रकुलाचा नागरिक. तो रीतसर व्हिसावर स्कॉटलंडमध्ये राहत असेल आणि वयाची १६ वर्षं पुरी असतील, तर मतदार यादीत नाव घालून या निवडणुकीत मत देऊ शकतो. पुण्याहून एका वर्षाच्या मास्टर्ससाठी आलेली मुलगीसुद्धा.

नाव घातलं की पुढचा प्रश्न येतोच: दोन्ही मतं एकाच पक्षाला द्यावीत की वाटून? याची दोन ठाम उत्तरं कानावर पडतात. 'पक्ष आवडतो ना, मग दोन्हीकडे त्यालाच' हे एक. 'मोठ्या पक्षाला दिलेलं दुसरं मत वायाच जातं, ते छोट्याला द्या' हे दुसरं. माझ्या मते दोन्ही अर्धवट आहेत. तुमचा पक्ष तुमच्या विभागात किती मतदारसंघ जिंकतो, यावर सगळं अवलंबून आहे, आणि हे निकालाआधी ओळखणं वाटतं तितकं सोपं नाही.

मोजणी कशी होते

संसदेत १२९ जागा आहेत. त्यातल्या ७३ मतदारसंघांच्या. तिथे आपल्या विधानसभेसारखाच हिशेब, सगळ्यांत जास्त मतं ज्याला तो निवडून आला. उरलेल्या ५६ जागा आठ विभागांतून येतात, प्रत्येक विभागाला ७. या विभागीय जागा वाटताना प्रत्येक पक्षाची पीच मतं घ्यायची आणि त्या पक्षाने विभागात जिंकलेल्या मतदारसंघांत एक मिळवून त्या आकड्याने भागायची. ज्याचा भागाकार सगळ्यांत मोठा त्याला पहिली जागा. मग त्या पक्षाचा भाजक एकाने वाढवायचा, पुन्हा तुलना करायची, असं सात वेळा.

म्हणजे मतदारसंघांत ज्याने धुव्वा उडवला त्याची पीच मतं सुरुवातीलाच मोठ्या आकड्याने भागली जातात. ज्याच्या हाती मतदारसंघांत काहीच लागलं नाही त्याची मतं पहिल्या फेरीत पूर्ण धरली जातात. पीच मतपत्रिका आहेच मुळी ही भरपाई करण्यासाठी. तिला 'दुसरी पसंती' समजून मत देणारे पुष्कळ भेटतात आणि तिथेच गणित चुकतं. एखाद्या पक्षाचं संसदेतलं बळ किती असावं, हे ठरवण्यात या कागदाचा वाटा मोठा आहे.

ग्लासगो, २०२१: खरे आकडे

उदाहरणाशिवाय हे डोक्यात बसत नाही, म्हणून २०२१ चं ग्लासगो बघू. स्कॉटिश नॅशनल पार्टीने, म्हणजे एसएनपीने, तिथले नऊच्या नऊ मतदारसंघ जिंकले होते. पीच मतं अशी पडली: एसएनपी १,३३,९१७, लेबर ७४,०८८, कॉन्झर्व्हेटिव्ह ३७,०२७, ग्रीन ३६,११४.

एसएनपीचे नऊ आधीच आलेले, म्हणून भाजक १०, आणि भागाकार १३,३९१. बाकी तिघांची खाती कोरी, त्यांचा भाजक १. पहिली जागा अर्थातच लेबरला. आता लेबरचा भाजक २, भागाकार ३७,०४४. तो कॉन्झर्व्हेटिव्हांच्या ३७,०२७ पेक्षा जेमतेम १७ ने जास्त, म्हणून दुसरी जागाही लेबरला. तिसरी कॉन्झर्व्हेटिव्हांना, चौथी ग्रीनला. पाचवी आणि सहावी पुन्हा लेबरला (२४,६९६ आणि १८,५२२). सातव्या जागेला कॉन्झर्व्हेटिव्ह १८,५१३ आणि ग्रीन १८,०५७. जागा कॉन्झर्व्हेटिव्हांकडे गेली.

ग्रीनला आणखी ९१४ मतं मिळाली असती तर ही सातवी जागा त्यांची होती. त्याच मतपत्रिकेवर नावात 'ग्रीन' असलेला एक वेगळाच छोटा पक्ष होता आणि त्याला याहून जास्त मतं पडली होती. पीच कागदावर पक्षाचं पूर्ण नाव वाचून मगच फुली मारा, असं मी कळकळीने सांगतो ते यासाठी. कॉन्झर्व्हेटिव्हांच्या वाट्याला आलेल्या दोन जागांपैकी एकीवर डॉ. संदेश गुल्हाने निवडून आले. निकालाच्या यादीत हे आडनाव दिसलं की मराठी वाचक थांबतोच.

आणि एसएनपीची ती १,३३,९१७ मतं? त्यांतून एकही विभागीय आमदार आला नाही. शेवटची जागा मिळवायलाही त्यांना १ लाख ८५ हजारांहून जास्त पीच मतं लागली असती. त्यातल्या हजारेक मतदारांनी पीच फुली ग्रीनसमोर मारली असती तर एका जागेचा निकाल फिरला असता.

वाटून देण्याची बाजू

ग्लासगोचं हे गणित पाहिलं की मत वाटून देण्याचा मोह होणारच, आणि तो चुकीचा नाही. सबंध स्कॉटलंडमध्ये २०२१ साली एसएनपीला ४० टक्के पीच मतं मिळाली आणि ५६ पैकी फक्त २ विभागीय जागा. ग्रीनला ८ टक्के मतं आणि ८ जागा, आठही विभागीय. एसएनपी आणि ग्रीन दोघेही स्वातंत्र्यवादी, म्हणजे स्कॉटलंड ब्रिटनपासून वेगळा व्हावा असं म्हणणारे. ज्याला असं स्वातंत्र्यवादी बहुमत हवं होतं, त्याने जांभळं मत एसएनपीला आणि पीच मत ग्रीनला दिलं असेल तर त्याचं मत बहुतेक ठिकाणी जास्त कामी आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन्ही पक्षांत सत्तेचा करार झाला आणि पॅट्रिक हार्वी, लॉर्ना स्लेटर हे ग्रीनचे दोघे मंत्री झाले. दोघंही विभागीय यादीतून, म्हणजे पक्षाने विभागासाठी क्रमाने लावलेल्या नावांतून आलेले.

पण वाटून द्यायचं ते कोणाला, हे महत्त्वाचं. मार्च २०२१ मध्ये एसएनपीचे माजी नेते ॲलेक्स सॅमंड यांनी अल्बा पक्ष मैदानात उतरवला, तो फक्त पीच मतपत्रिकेपुरता. प्रचार हाच होता: एसएनपीची दुसरी मतं निरुपयोगी आहेत, ती आम्हाला द्या, संसदेत स्वातंत्र्यवाद्यांचं प्रचंड बहुमत येईल. कागदावर हिशेब बिनचूक होता. निकालात अल्बाला १.७ टक्के मतं आणि शून्य जागा. स्कॉटलंडमध्ये कायद्याने घातलेली किमान मतांची अट नाही, पण सातच जागा असल्यामुळे विभागात साधारण पाच-सहा टक्के मिळाल्याशिवाय दार उघडत नाही. त्याखाली राहणाऱ्या पक्षाला दिलेलं पीच मत कोणालाच निवडून आणत नाही.

उलट उदाहरण २००३ चं. तेव्हा ग्रीन ७, स्कॉटिश सोशालिस्ट पार्टी ६, इतकंच काय, ज्येष्ठ नागरिकांच्या पक्षाचाही एक आमदार विभागीय जागेवरून आला. त्या पक्षांमागे लोक खरोखर होते, म्हणून ते जमलं.

दोन्ही एकाच पक्षाला देण्याची बाजू

आधी सोपा भाग. तुमचा पक्ष तुमच्या विभागात मतदारसंघ जिंकत नसेल किंवा एखाददुसराच जिंकत असेल, तर विचार करायचं कारण नाही. ग्लासगोतल्या लेबर मतदाराचं पीच मत २०२१ साली सगळ्यांत जास्त फळलं. त्याने ते चलाखी म्हणून दुसरीकडे दिलं असतं तर स्वतःचंच नुकसान केलं असतं.

अवघड भाग मोठ्या पक्षाच्या मतदाराचा. २०११ मध्ये ईशान्य स्कॉटलंड विभागात एसएनपीने दहाच्या दहा मतदारसंघ जिंकले आणि वर एक विभागीय जागाही घेतली, कारण पीच मतांतही निम्म्याहून जास्त वाटा त्यांचाच होता. त्या वर्षी पक्षाला एकूण ६९ जागा मिळाल्या: ५३ मतदारसंघांतून, १६ विभागीय. बहुमताला ६५ लागतात. पुढच्या, २०१६ च्या निवडणुकीत मतदारसंघ वाढून ५९ झाले, पण विभागीय जागा ४ वर आल्या आणि एकूण ६३. सहा मतदारसंघ जास्त जिंकूनही बहुमत गेलं. 'दोन्ही मतं एसएनपीला' हा पक्षाचा आग्रह पोकळ नव्हता, हे या आकड्यांवरून कळतं.

शिवाय कुठला मतदारसंघ हातचा जाणार हे कोणाला ठाऊक असतं? २०२१ मध्ये एसएनपीला ज्या दोन विभागीय जागा मिळाल्या त्या हायलँड्स अँड आयलंड्स आणि साउथ स्कॉटलंड या विभागांत, म्हणजे जिथे त्यांनी दोन-तीन मतदारसंघ गमावले होते तिथेच. पक्षाची पडझड होत असेल तेव्हा पीच मतं त्याला सावरतात. वारं फिरतंय असं दिसत असताना, मागच्या निकालाच्या भरवशावर मत वाटून देणं मला धोक्याचं वाटतं.

विभागीय आमदार दुय्यम असतो का?

अजिबात नाही. स्कॉटलंडमध्ये प्रत्येक माणसाचे आठ आमदार असतात: एक मतदारसंघाचा, सात विभागाचे. घर, शाळा, दवाखान्याची रखडलेली तारीख, यातलं काहीही घेऊन आठांपैकी कोणाकडेही जाता येतं. मतदारसंघाचा आमदार तुमच्या विचारांचा नसेल तर विभागातला दुसरा शोधता येतो, आणि नवख्या माणसाला ही मोठी सोय आहे. (व्हिसाचा प्रश्न मात्र यांच्या हातात नसतो. त्यासाठी वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनमधल्या ब्रिटिश संसदेच्या, खासदाराला लिहावं लागतं.) स्कॉटिश लेबरचे नेते अनस सरवर २०२१ साली ग्लासगो साउथसाइडमध्ये एसएनपीच्या तेव्हाच्या नेत्या निकोला स्टर्जन यांच्याकडून हरले आणि विभागीय यादीतून संसदेत आले. हरलेला माणूस मागच्या दाराने येतो, अशी टीका यावर होते. मला ती पटत नाही, कारण त्याच्या पक्षाला ७४ हजार लोकांनी मतं दिली होती.

खरी उणीव वेगळी आहे. यादीतला क्रम पक्ष ठरवतो, मतदाराला तो बदलता येत नाही. मार्गो मॅकडोनल्ड यांना २००३ साठी एसएनपीने लोदियन (एडिंबरा आणि परिसर) विभागाच्या यादीत खाली ढकललं, तेव्हा त्या अपक्ष उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. २००७ आणि २०११ लाही आल्या. मात्र २०१४ मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा ती जागा २०१६ पर्यंत रिकामीच राहिली, कारण विभागीय जागेसाठी पोटनिवडणूक होत नाही. पक्षाचा आमदार गेला तर यादीतलं पुढचं नाव येतं. अपक्षाच्या मागे नावच नसतं. पीच मत अपक्षाला द्यायचं असेल तर हे माहीत असू द्या.

न्यूझीलंडचा सल्ला इथे चालत नाही

ऑकलंडचे नातेवाईक 'आमच्याकडे पण दोन मतं असतात' म्हणून सल्ला देतील. तिथे पक्षाला दिलेलं मत देशभर एकत्र मोजतात आणि पक्षाच्या एकूण जागा त्यावरच ठरतात. त्यासाठी ५ टक्के मतं किंवा एक मतदारसंघ जिंकलेला असावा लागतो. एकूण जागांतून जिंकलेले मतदारसंघ वजा करून उरलेल्या यादीतून भरतात. त्यामुळे तिथे मोठ्या पक्षाचं पक्षमत सहसा निष्फळ ठरत नाही. पक्षाने हिशेबापेक्षा जास्त मतदारसंघ जिंकले तर संसदच मोठी होते. २०२३ मध्ये 'ते पाती माओरी' या माओरी पक्षाने सहा मतदारसंघ जिंकले तेव्हा तसं झालं. स्कॉटलंडमध्ये १२९ चा आकडा हलत नाही आणि हिशेब विभागाच्या बाहेर जात नाही.

मग काय करावं

तुमचा पक्ष विभागात मतदारसंघ कमी जिंकत असेल तर दोन्ही मतं त्यालाच. तो जवळजवळ सगळे मतदारसंघ जिंकतोय, यावेळीही जिंकेल अशी चिन्हं आहेत, आणि दुसरा एखादा पक्षही तुम्हाला मनापासून पटतो, ज्याचं विभागात पाच-सहा टक्क्यांचं बळ आहे, तर पीच मत त्या पक्षाला द्या. तीनही गोष्टी जुळत नसतील तर मत वाटू नका. न पटणाऱ्या पक्षाला केवळ गणितासाठी मत देऊ नये, असं मला वाटतं. पाच वर्षं तो तुमच्या नावाने संसदेत बोलणार असतो.

मागचे आकडे बघताना आपला विभाग आधी तपासा, कारण २०२६ च्या निवडणुकीसाठी सीमा बदलल्या आहेत. आणि दोन्ही कागदांवर एकेकच फुली मारा. स्थानिक कौन्सिलच्या निवडणुकीत १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे असतात, त्यामुळे गोंधळ होतो. २००७ साली दोन्ही मतं एकाच कागदावर छापली होती, तेव्हा लाखाहून जास्त मतं बाद झाली. आता कागद वेगळे आहेत, पण घडी घालण्याआधी दोन्ही एकदा नीट बघा.