घरावरचं ३ किलोवॅट ऑनग्रिड सोलर: वर्षभर वापरल्यानंतरचा रिव्ह्यू (लाईट गेल्यावर काय होतं तेही)

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. घ्या. बॅटरीशिवायचं साधं ऑनग्रिड (म्हणजे बाहेरच्या विजेच्या लाईनला जोडलेलं) घ्या, गरज नसताना तीन किलोवॅटच्या वर जाऊ नका, आणि विकायला येणारा पोरगा "मॅडम, आता लाईटचं टेन्शनच नाही" म्हणाला की त्याला चहा पाजा पण त्या वाक्यावर विश्वास ठेवू नका, कारण जातं ते बिलाचं टेन्शन, लाईटचं नाही.

आम्ही कराडपासून थोडं आत, उसाच्या पट्ट्यात राहतो. घर स्वतःचं, वर मोकळा स्लॅब, घरात पाच माणसं, महिन्याला पावणेतीनशे-तीनशे युनिट वापर आणि बिल अडीच-पावणेतीन हजार. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेतून घेतलं, म्हणजे २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, एकूण ७८ हजार सबसिडी, त्याच्यावर कितीही मोठं बसवलं तरी ७८ हजारच. आमचं कोटेशन १ लाख ९५ हजार होतं, सबसिडी खात्यावर आल्यावर १ लाख १७ हजाराला पडलं. आता बिल येतं दोनशेच्या आसपास, स्थिर आकार वगैरे धरून. शून्य बिल म्हणून जे व्हॉट्सॲपवर फिरतं ते विसरा, मीटर आहे तोपर्यंत स्थिर आकार आहे. तरी चार वर्षांच्या आसपास पैसे वसूल, आणि पॅनलची वॉरंटी २५ वर्षांची, त्यामुळे पैशाचा विषय इथंच संपवते.

बसवलंय काय तर ५५० वॅटचे सहा पॅनल, म्हणजे कागदावर ३.३ किलोवॅट, दक्षिणेकडे तोंड करून. स्ट्रक्चर उंच करून घेतलं कारण सासूबाईंची अट होती की गच्ची जाता कामा नये, कुरडया-सांडगे कुठं घालायचे? आता निम्म्या गच्चीवर कुरडया आणि निम्म्या गच्चीवर वीज वाळत असते. सावलीमुळे मे महिन्यात खालच्या दोन खोल्या बऱ्यापैकी गार राहतात, हे कुणी विकताना सांगत नाही पण मला तरी लय आवडलं.

आता मुख्य मुद्दा. लाईट गेली की सोलर बंद. बरोबर वाचलंत, वर रणरणतं ऊन, पॅनल स्वच्छ, आणि खाली पंखा बंद. वळवाच्या आधी वारं सुटलं की आमच्याकडे हमखास लाईट जाते आणि दरवेळी शेजारचं कुणीतरी विचारतं की अहो तुमचं सोलर आहे ना? हा बिघाड नाही, मुद्दाम तसं केलेलं असतं. ऑनग्रिड इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारा डबा) बाहेरून येणाऱ्या लाईनचं व्होल्टेज आणि ५० हर्ट्झचा ताल बघूनच आपली वीज तिच्यात मिसळतो, ताल गेला की तो सेकंदाच्या आत-बाहेर थांबतो. आणि थांबलाच पाहिजे, नाहीतर डीपीचा (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरचा) फ्यूज काढून वायरमन खांबावर चढलाय आणि आमच्या गच्चीवरून उलटी वीज त्या तारेत चाललीय असं होईल. विकणाऱ्या पोराला मी हे आधीच विचारलं होतं, तो म्हणाला "तसं काही नसतं मॅडम, ऊन आहे तोवर चालूच". त्याला माहीत नव्हतं की माहीत असून फेकत होता ते तोच जाणे.

लाईट गेल्यावरही चालायला पाहिजे असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर (लाईन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) आणि बॅटरी, म्हणजे खर्च जवळपास दुप्पटीकडे. आमच्याकडे जुना इन्व्हर्टर-बॅटरीचा डबा आहेच, दोन पंखे, चार दिवे आणि वायफाय त्याच्यावर चालतं, तो तसाच ठेवला. लाईट तासभर जाते हो, त्याच्यासाठी लाखभराची लिथियम बॅटरी घरात आणून ठेवायची आणि काही वर्षांनी ती भंगारात कुठं टाकायची ते बघत बसायचं, मला तरी पटत नाही. दिवसाचे सहा-सहा तास लाईट जाते अशा ठिकाणी असाल तर तुमचा हिशोब वेगळा.

म्हणजे खरं बघितलं तर मी पॅनल विकत घेतलेच नाहीत, जी जुनी सर्व्हिस वायर घरात येतच होती तिच्यातून उलटी वीज पाठवायची परवानगी विकत घेतलीय. पॅनल काय, कुणाचेही घ्या, उनीस-बीसचा फरक. खरं प्रॉडक्ट आहे नेट मीटर. तो पतपेढीच्या पासबुकासारखा चालतो, दिवसा जमा, रात्री उचल. आमचं एप्रिलचं सांगते: इन्व्हर्टरच्या ॲपवर तयार झालेली वीज ३८५ युनिट, त्यातली ११५ घरातच वापरली गेली, २७० लाईनवर गेली, आणि रात्रीची मिळून १८० आम्ही लाईनवरून घेतली. ९० युनिट शिल्लक पुढं ओढली. जुलैमध्ये ढग, तयार झाली २३५, लाईनवर गेली १४०, घेतली १७०, म्हणजे ३० शिलकेतून गेली. असं चालतं.

एक बारीक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. शिल्लक युनिट महिन्यामागून महिने पुढं जातात पण ३१ मार्चला खातं मिटवतात, उरलेल्या युनिटचे पैसे देतात पण फार कमी दरानं. आपल्याकडच्या हवेला हे अर्धं सोयीचं आहे, एप्रिल-मेमध्ये साठवायचं आणि पावसाळ्यात खायचं. गोची होते दिवाळीनंतर, ऊन चांगलं, पंखे बंद, शिल्लक नुसती वाढत जाते आणि मार्चएंडला मातीमोल. म्हणून म्हणते उगाच पाच किलोवॅट बसवू नका. आम्ही त्यावर तोडगा काढला, इंडक्शन शेगडी घेतली. दुपारचा कुकर, डाळ-भात, कडधान्य शिजवणं, अंघोळीचं पाणी, सगळं विजेवर. भाकरी गॅसवरच, त्यात तडजोड नाही. सिलेंडर आता बराच जास्त दिवस पुरतो. देशात जेवढा एलपीजी लागतो त्यातला साधारण ६० टक्के बाहेरून येतो, आखातात काही वाजलं की इथल्या बायकांच्या पोटात गोळा येतो, त्यापेक्षा गच्चीवरच्या विजेवर डाळ शिजलेली काय वाईट?

आता पासबुकातली रात्रीची उचल कुठून येते? हा प्रश्न मला आमच्या मुलानं विचारला आणि मग मी जरा खोदकाम केलं. मी दुपारी दिलेलं युनिट कुणी माझ्यासाठी डब्यात भरून ठेवत नाही, ते तेव्हाच शेजारच्या घरात नाहीतर कुणाच्या विहिरीवरच्या मोटारीत संपतं. रात्री मला जे मिळतं ते चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्राचं, २९२० मेगावॅटचं आहे ते एकटं, किंवा आमच्या शेजारच्या कोयनेचं. देशात बसवलेल्या वीजनिर्मितीच्या क्षमतेपैकी निम्मी कोळसा-गॅस सोडून इतर आहे अशी बातमी २०२५ मध्ये आली, ती खरी आहे, पण वर्षभरात प्रत्यक्ष तयार होणारी वीज अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळशाचीच. कारण संध्याकाळी सात वाजता सगळ्या देशाचं ऊन एकदमच मावळतं.

आणि इथं जुनी माणसं काय करून ठेवून गेलीत बघा. कोयनेचं १९६० मेगावॅट, बटण दाबल्यासारखं थोड्या वेळात चालू होतं, सह्याद्रीतून पाणी खाली पोफळीच्या वीजघराला उतरवायचं की झालं. पण धरण १०५ टीएमसीचं (अब्ज घनफूट) आणि पश्चिमेला विजेसाठी सोडायला वर्षाला ६७.५ टीएमसीचीच मर्यादा, त्यामुळे ते पाणी संध्याकाळच्या गर्दीसाठी जपून वापरलेलं बरं. दिवसा जेवढं सोलर वापरू तेवढं कोयनेचं पाणी संध्याकाळला शिल्लक. घाटघरला तर २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून आहेच, वीज जास्त असते तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं आणि टंचाईला परत खाली सोडायचं. टाटांचं भिऱ्याला १५० मेगावॅटचं तसलंच आहे. माझ्या घरात लिथियमची पेटी बसवण्यापेक्षा असे पाण्याचे डोंगर वाढवले तर जास्त बरं होईल असं माझं मत, अर्थात जंगल आणि गावं बुडवून नाही, जी धरणं आधीच आहेत त्यांच्यात जमेल तेवढं.

म्हणून आमच्या घरात आता नियम झालाय, वॉशिंग मशीन, घरगुती चक्की, पाण्याची मोटार, इस्त्री, सगळं दहा ते तीन. दादांना (सासऱ्यांना) पहाटे पाचला टाकी भरायची सवय, ती मोडायला महिना गेला. "दिवसा भरलं काय, पहाटे भरलं काय, मीटर तर तेवढंच फिरतंय की" हा त्यांचा युक्तिवाद आणि आमच्या बिलापुरता तो बरोबरच आहे, कोळशापुरता नाही. स्मार्ट मीटरवाल्यांना दिवसाच्या वापराला दरात सवलत सुरू झालीय, म्हणजे पुढंमागं दुपारचं युनिट आणि रात्रीचं युनिट एका भावात राहणार नाही ही चिन्हं आहेत, तेव्हा सवय आत्ताच लावलेली बरी.

तक्रारी. पहिली व्होल्टेजची, आणि हे कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं. आमचं घर डीपीपासून लांब, जवळपास लाईनच्या शेवटाला. भर दुपारी बाराला, म्हणजे ऐन कमाईच्या वेळेला, इन्व्हर्टरवर लाल दिवा आणि ॲपमध्ये "ग्रिड ओव्हर व्होल्टेज". तासात दोन-तीनदा बंद-चालू. कारण असं की ही लाईन बांधली तेव्हा वीज एकाच दिशेनं जायची असं धरलेलं, आता आमच्या गल्लीत चार घरांवर पॅनल, चौघंही दुपारी एकदम ढकलतायत, शेतीपंपांना तेव्हा लाईट नसली की ती वीज घ्यायला कुणी नाही, मग व्होल्टेज वर. मी मल्टीमीटर लावून बघितलं तर २६० च्या वर. इन्व्हर्टर ते मीटर केबल जाड टाकून घेतली त्यानं थोडा फरक पडला, मग कळलं की चारही घरं एकाच फेजवर (लाईनच्या तीन तारांपैकी एकाच तारेवर) आहेत, त्यातली दोन दुसऱ्या फेजवर घेतल्यावर जवळपास थांबलं. तेव्हा ऑर्डर देण्याआधी एखाद्या रविवारी दुपारी घरातलं व्होल्टेज मोजा. २५० दाखवत असेल तर आधी त्याचं बघा, मग पॅनलचं. जुनी व्यवस्था वापरायची म्हणजे फुकट नसतं, डीपी आणि तारांवर खर्च करावाच लागणार आहे आणि तो विषय कुणी भाषणात काढत नाही.

दुसरी तक्रार एजन्सीची, नाव लिहीत नाही. पॅनल चढले मार्चच्या सुरुवातीला आणि काम पूर्ण झाल्याचा रिपोर्ट त्यांच्याच टेबलावर पडून, त्यामुळे नेट मीटर लागला नाही आणि मार्चचं सोन्यासारखं ऊन वाया. फोन केला की "साहेब साईटवर आहेत". अख्ख्या जगाच्या साईटवर होते, आमच्या सोडून. केबल साध्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेल्या, उन्हानं एका उन्हाळ्यात तुटल्या, वायर स्लॅबवर लोंबायला लागल्या. स्ट्रक्चरचे पाय स्लॅबला भोकं पाडून बसवणार होते ते मी अडवलं आणि काँक्रीटचे ठोकळे करून घेतले, नाहीतर पावसाळ्यात बादल्या लावायला लागल्या असत्या.

तिसरी ही तक्रार नाही, नशीब आहे. नोव्हेंबरला साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की गच्चीवर काळी काजळी, थोडी चिमणीची, थोडी फडात पाचट पेटवतात त्याची. हेच कारखाने चिपाडावर वीज करून लाईनला देतात, आणि त्यांचीच काजळी माझी वीज कमी करते. सीझनमध्ये आठवड्याला पॅनल धुवावे लागतात, सकाळी लवकर, तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. नाही धुतले तर दिवसाला एक-दीड युनिटचा सरळ फरक दिसतो.

पॅनल चायनाचे का, असं खूप जण विचारतात. सबसिडीसाठी सेल आणि पॅनल दोन्ही भारतात बनलेले लागतात, त्याला डीसीआर म्हणतात, ते थोडे महाग पडतात. पण त्या सेलच्या आतली वेफर (सिलिकॉनची पातळ चकती) आणि त्याच्याही आधीचं सिलिकॉन बहुतेक तिकडूनच येतं, तेव्हा छाती फुगवायला अजून वेळ आहे. तरीपण फरक हा की कोळसा-तेल रोज लागतं आणि पॅनल एकदाच.

कुणी घेऊ नये तेही सांगते. महिन्याला शंभर युनिटच्या आत बिल असेल तर वसूल व्हायला फार वर्षं जातील. दक्षिणेला उंच बिल्डिंग किंवा नारळ असेल तर जाऊ द्या, एका पॅनलवर सावली आली की अख्खी ओळ ढेपाळते. माझी नणंद पुण्यात फ्लॅटमध्ये राहते, तिला स्वतःची गच्ची नाही, पण त्यांच्या सोसायटीनं लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी सामायिक बसवायचं चालवलंय, त्याला किलोवॅटला १८ हजार सबसिडी आहे. दोन वर्षं मीटिंगमध्येच अडकलंय ते, गच्चीवर वॉटरप्रूफिंग आधी की सोलर आधी यावर.

कोटेशन घेताना एवढं कागदावर लिहून मागा: पॅनलचा मेक आणि डीसीआर असल्याचा उल्लेख, स्ट्रक्चर हॉट डिप गॅल्व्हनाईज्ड (गंजू नये म्हणून वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) आहे का, अर्थिंग तीन वेगळी (एक डीसीचं म्हणजे पॅनलकडचं, एक एसीचं म्हणजे इन्व्हर्टरनंतरचं, एक वीज पडण्याचं), एसी केबलची जाडी, स्लॅबला भोक न पाडण्याचं, आणि शेवटचा हप्ता नेट मीटर लागल्यावरच. हा शेवटचा मुद्दा वाचून एजन्सीवाल्याचं तोंड बघा, काम करणारा आहे की नाही ते तिथंच कळेल.