नव्या ग्रंथपालाचा मार्गदर्शक: संस्थेतला की संस्थेबाहेरचा?

महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या सहायक ग्रंथपालासाठी मार्गदर्शन योजना आखताना ग्रंथालय समितीपुढे मुख्यतः दोन पर्याय असतात: त्याच ग्रंथालयातील ज्येष्ठ सहकाऱ्याशी त्याची जोडी लावून देणे, किंवा दुसऱ्या संस्थेतील अनुभवी ग्रंथपालाला त्याचा मार्गदर्शक नेमणे.

रोजच्या कामापुरता पहिला पर्याय निःसंशय सरस आहे. दाखल नोंदवहीतील क्रमांक आणि कोहा किंवा सोल या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीतील नोंदी जुळत नसतील, किंवा वार्षिक पडताळणीत न सापडलेल्या पुस्तकांच्या निर्लेखनाला (नोंदीतून कायमची वगळण्याला) लेखापरीक्षणापूर्वी मंजुरी घ्यायची असेल, तर शेजारच्या टेबलावरचा माणूसच उपयोगी पडतो, कारण कोणता कागद कोणाकडे अडतो हे बाहेरच्याला ठाऊक नसते. मात्र हाच ज्येष्ठ सहकारी गोपनीय अहवालही लिहिणार असेल, तर आपल्याला वर्गीकरण नीट जमत नाही हे नवखा त्याच्याजवळ मोकळेपणाने बोलेल, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. शिवाय अनेक महाविद्यालयांत व्यावसायिक शिक्षण घेतलेला ग्रंथपाल एकच असतो. तिथे हा पर्याय कागदावरच राहतो.

बाहेरचा मार्गदर्शक ही उणीव भरून काढतो, आणि व्यवसायाकडे पाहण्याची दृष्टीही देतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे एस. आर. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले ते गणिताचे अध्यापन सोडून. पुढे लंडनमध्ये त्यांना दिशा दाखवली ती वर्गीकरण शिकवणाऱ्या आणि क्रॉयडनचे सार्वजनिक ग्रंथालय प्रत्यक्ष चालवणाऱ्या बर्विक सेयर्स यांनी. ब्रिटनमधील सिलिप ही व्यावसायिक संस्था तर चार्टरशिपच्या, म्हणजे तिच्या व्यावसायिक मान्यतेच्या, उमेदवाराला मार्गदर्शक असणे आवश्यकच मानते. या पर्यायाचे दुखणे एकच, पण मोठे: भेटींचे वेळापत्रक आणि योजनेची मुदत ठरवून घेतली नाही, तर दोन-तीन फोननंतर सारे थंडावते.

समवयस्क ग्रंथपालांचे गट पूरक म्हणून चांगले, परंतु अनुभवाची जागा ते घेऊ शकत नाहीत.

माझ्या मते, जिथे दोन किंवा अधिक व्यावसायिक कर्मचारी आहेत तिथे पहिले सहा महिने संस्थेतला, अहवाल न लिहिणारा सहकारी द्यावा आणि नंतर बाहेरचा मार्गदर्शक जोडावा. एकट्या ग्रंथपालाला मात्र पहिल्या महिन्यापासूनच बाहेरचा आधार हवा, आणि मार्गदर्शकाच्या ग्रंथालयात जाऊन काम पाहण्यासाठी त्याला कर्तव्य रजा मिळेल असा लेखी आदेश प्राचार्यांनी नेमणुकीबरोबरच काढावा.