तेहुआन्तेपेकचे आखात : काठाकाठाने की सरळ?

मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याने दक्षिणेकडे निघालेली बहुतेक शिडाची बोट वातुल्कोला येऊन काही दिवस थांबते, कारण पुढे तेहुआन्तेपेकचे आखात असते. ते ओलांडून प्वेर्तो चियापास गाठण्याचे दोन मार्ग आहेत : एक आखाताच्या काठाकाठाने, वाळूपासून अर्ध्या मैलाच्या आत राहून, दुसरा आखाताच्या तोंडावरून सरळ. आम्ही पतिपत्नींनी जानेवारी २०२२ मध्ये दक्षिणेकडे जाताना पहिला मार्ग धरला आणि मार्च २०२३ मध्ये सॅन डिएगोकडे परतताना दुसरा. बोट तीच, अकरा मीटरची. माणसेही तीच दोन. त्यामुळे तुलना करण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे वाटते, मात्र दोन सफरींवरून ठाम नियम सांगता येत नाही, हेही मी जाणतो.

वाऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण निवडीचे मूळ तिथेच आहे. मेक्सिकोचे आखात आणि पॅसिफिक यांच्यामधली जमीन इथे जेमतेम दोनशे किलोमीटर रुंद आहे आणि उंच पर्वतरांगांच्या मध्ये चिवेलाची खिंड आहे. आपल्या सह्याद्रीतली पालघाटची खिंड डोळ्यांसमोर आणली तर रचना लगेच समजते. हिवाळ्यात उत्तर अमेरिकेतली थंड, जड हवा टेक्सासवरून खाली उतरली की ती या खिंडीतून पॅसिफिककडे धाव घेते. हाच तेहुआनो. ऑक्टोबर ते एप्रिल हा त्याचा मुख्य काळ, त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जोर अधिक. पन्नास नॉटचा, म्हणजे ताशी नव्वदएक किलोमीटरचा वारा इथे नवलाचा नाही आणि त्याचा पट्टा किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत समुद्रात जातो. खिंडीच्या पायथ्याशी असलेल्या ला व्हेन्तोसा या गावाच्या नावाचा अर्थच वारा सुटणारी जागा असा आहे. आज तिथे पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे.

काठाच्या मार्गामागचा विचार अगदी पक्का आहे. वारा जमिनीवरून येतो, आणि लाट उठायला वाऱ्याखाली मोकळे पाणी लागते. वाळूपासून पाव मैलावर चाळीस नॉटचा वारा असला तरी पाणी जवळजवळ सपाट राहते. तोच वारा दहा मैल बाहेर उभ्या, आखूड, एकामागोमाग आदळणाऱ्या लाटा उठवतो. शिवाय काठाजवळ तळ वाळूचा आणि खोली पाच ते आठ मीटर, म्हणजे अडचण आली तर कुठेही नांगर टाकता येतो. जुने खलाशी ‘एक पाय वाळूवर ठेवून जा’ असे सांगतात, ते याच कारणासाठी. आम्हीही ते ऐकले, आणि ऐकून चूक केली असे मी आजही म्हणणार नाही. आखातातले सालिना क्रूझ बंदर ओलांडल्यावर संध्याकाळी वारा पंचवीस नॉटवर गेला, तेव्हा बोट तलावात असावी तशी चालत होती. वाऱ्याबरोबर येणारी बारीक वाळू मात्र डोलकाठीच्या खाचेत, कप्प्यांत, अगदी झाकलेल्या शिडाच्या घड्यांतही जाऊन बसली. पुढे चियापासला पोहोचल्यावर शीड चढवताना ते निम्म्यावर अडायचे आणि प्रत्येक वेळी खाचेत गोडे पाणी ओतून वाळू काढावी लागायची.

या मार्गात दोन गोष्टी आधीच ध्यानात घ्यायला हव्यात. पॅसिफिकची दक्षिणेकडून येणारी लांब लाट मोठी असेल, तर ती किनाऱ्यापासून बरीच दूर असतानाच फुटू लागते आणि अर्ध्या मैलाच्या आत राहणे शक्य होत नाही. सालिना क्रूझच्या पूर्वेला मोठी खाजणे आहेत. त्यांच्या मुखापाशी गाळाचे दांडे समुद्रात पुढे आलेले असल्याने तिथे बाहेर सरकावेच लागते, आणि नेमके तिथेच वाऱ्याचे तोंड असते. म्हणजे ज्या आडोशासाठी हा मार्ग घ्यायचा, तो आडोसा सर्वांत अधिक गरज असलेल्या ठिकाणीच पातळ होतो.

तरीही माझे मन फिरले ते वाळूमुळे नाही की दांड्यांमुळे नाही. ते फिरले जाळ्यांच्या दोऱ्यांमुळे. या किनाऱ्यावरचे कोळी पांगा नावाच्या लांब, उघड्या होड्यांतून रात्री मासेमारी करतात. त्यांच्या दोऱ्या काठापासून आडव्या बाहेर टाकलेल्या असतात, बोयाच्या जागी शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्या, आणि दिवा क्वचितच. समुद्र त्यांचा आहे, पोट त्यांचे त्यावर आहे. त्यांच्या अंगणातून आपण जात आहोत, तेव्हा तक्रार करण्याचा हक्क आपला नाही. पण दोनच माणसांच्या बोटीवर याचा परिणाम असा होतो की कोणालाच झोपता येत नाही. एकाने सुकाणू धरायचे, दुसऱ्याने नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभे राहून विजेरीचा झोत पाण्यावर फिरवत राहायचे, आणि मध्येच खोलीमापकाचा भोंगा वाजला की दोघांनी एकदम दचकायचे. पहाटे दोनच्या सुमारास बोट पुढे ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या पंख्याला दोरी गुंडाळली गेली आणि इंजिन घरघरून बंद पडले. वारा जमिनीवरून होता, म्हणजे बोट वाहत गेली असती ती बाहेरच्या लाटांकडे. सात मीटर खोलीत नांगर टाकला, तो सुदैवाने लगेच धरला. उजाडेपर्यंत आम्ही दोघेही ओल्या कपड्यांत तसेच बसून राहिलो. सकाळी कमरेला दोर बांधून मी पाण्यात उतरलो. पंख्याच्या दांड्यावर हिरवी नायलॉनची दोरी इतकी घट्ट आवळली गेली होती की घर्षणाने तिचे वेढे वितळून एकजीव झाले होते, आणि करवतीच्या पात्याने एकेक वेढा कापायला दीड तास लागला. त्यानंतरच्या रात्रीही झोप नव्हतीच. चियापासला पोहोचलो तेव्हा नौदलाचे जवान नेहमीप्रमाणे कुत्रा घेऊन तपासणीला आले. त्यांच्या साध्या प्रश्नांना उत्तरे देतानाही मला शब्द आठवत नव्हते. अशा अवस्थेत आदल्या रात्री मी बोट चालवत होतो, या विचाराने मला त्या दोरीपेक्षा अधिक भीती वाटली.

परतताना आम्ही चियापासला अकरा दिवस थांबलो. दोन वादळी वाऱ्यांमधल्या ज्या शांत वेळेला खलाशी विंडो म्हणतात, तिला मी उघडीप म्हणतो, कारण पावसाळ्यातल्या उघडिपीसारखीच ती ओळखावी लागते. मायामीच्या राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राचे समुद्री अंदाज तेहुआन्तेपेकच्या वादळी वाऱ्याचा इशारा स्वतंत्रपणे देतात. ते रोज पाहिले, आणि त्याबरोबर टेक्सासकडे नवी थंड हवा उतरते आहे का हेही पाहिले, कारण तिथे काही दिसले तर एखाद-दोन दिवसांत ते आखातात पोहोचते. एक तेहुआनो येऊन शमला, मागे दुसरा दिसेना, तेव्हा दुपारी बारा वाजता निघालो.

सरळ मार्ग आमच्या नोंदवहीप्रमाणे २२७ सागरी मैल भरला, काठाचा २५८. पाच नॉटच्या चालीने फरक सहा-सात तासांचाच, आणि दोन रात्री दोन्हीकडे समुद्रातच जातात. त्यामुळे अंतर वाचते हा मुद्दा मी फारसा विचारात घेणार नाही. इंजिन बराच वेळ चालवावे लागले, कारण उघडीप म्हणजे बहुधा वाऱ्याचा अभावच. शिडावर आम्ही सगळे मिळून अकरा तास काढले असतील. पण तीन-तीन तासांच्या पाळ्या नीट चालल्या. माझी पत्नी पहिल्या रात्री सलग झोपली, मीही झोपलो. दोऱ्या इथेही होत्या, पण आम्हाला दिवसाउजेडी दोनच दिसल्या आणि वळसा घालायला भोवती मोकळे पाणी होते. दुसऱ्या दिवशी समुद्र तेलासारखा शांत होता आणि त्यावर जागोजागी ऑलिव्ह रिडले कासवे तरंगत होती, एकेकीच्या पाठीवर बूबी पक्षी निवांत बसलेला. वेळासच्या किनाऱ्यावर जिची इवलीशी पिल्ले समुद्राकडे सरपटताना पाहिली होती, तीच ही जात.

सरळ मार्गाची उणीव मी लपवणार नाही. आखाताच्या मध्यावर किनारा पन्नासएक मैल दूर असतो. तिथे अंदाज चुकला तर आडोसा नाही, नांगर टाकण्याइतका उथळ तळ नाही, आणि परत फिरण्यातही अर्थ नसतो. म्हणून ज्याला ठरावीक तारखेला पुढे पोहोचायचे आहे, ज्याचे पाहुणे चियापासच्या विमानाने येऊन वाट पाहत आहेत, त्याने काठाचाच मार्ग घ्यावा, आणि शक्य असल्यास तिसरा माणूस बोटीवर घ्यावा. तीन-चार जण असतील तर जाळ्यांचा त्रासही निम्म्याने कमी होईल, असे मला वाटते. काही जण दोन्हींच्या मध्ये, किनाऱ्यापासून दहा मैलांवरून जातात; तिथे लाटही मिळते आणि जाळीही चुकत नाहीत, तेव्हा तो पर्याय मी धरतच नाही.

पण दोघेच असाल आणि थांबण्याची तयारी असेल, तर दक्षिणेकडे जाणाऱ्यासाठी सरळ मार्गाच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. वाऱ्याचा सर्वांत वाईट पट्टा वातुल्कोहून निघाल्यावर पहिल्या शंभर मैलांतच संपतो. दुपारी निघालात तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो मागे पडतो, म्हणजे ज्या वीस तासांबद्दल खात्री हवी, त्यांचा अंदाज निघतानाच अगदी ताजा असतो. उत्तरेकडे येताना तोच पट्टा शेवटी लागतो; आम्हाला त्यामुळे पूर्ण दोन दिवसांची खात्री होईपर्यंत चियापासला थांबावे लागले. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा दक्षिणेकडे जाण्याचा विचार आहे. वातुल्कोच्या चाहुए मरिनात, म्हणजे बोटी ठेवण्याच्या धक्क्यात, दोन आठवड्यांचे भाडे लागेल असे धरूनच आम्ही खर्चाचा हिशेब मांडला आहे.