सीव्हीएक्सपाय: काळावर अवलंबून असलेल्या फलनांसाठी कितपत कामाची?

कॉन्व्हेक्स, म्हणजे वाटीसारख्या आकाराच्या, फलनाला टोक असले की तिथे अवकलन करता येत नाही, आणि त्यावर १९६५ साली फ्रेंच गणिती मोरो यांनी मांडलेला उपाय आजही पहिला आठवतो: फलनाच्या किमतीत दिलेल्या बिंदूपासूनच्या अंतराचा वर्ग भागिले दोन लॅम्डा मिळवून त्या बेरजेचे किमान घ्यायचे (लॅम्डा ही गुळगुळीतपणा ठरवणारी धन संख्या). हे नियमितीकरण काळानुसार बदलणाऱ्या फलनांच्या अवकाशावर प्रत्यक्ष आकड्यांत उतरवण्यासाठी मी पायथनमधील सीव्हीएक्सपाय ही कॉन्व्हेक्स फलनांचे किमान शोधून देणारी मोफत, मुक्तस्रोत लायब्ररी वापरते.

नुसते केवलमूल्याचे समाकल असेल, तर एल-टू अवकाशात (जिथे अंतर फरकाच्या वर्गाच्या समाकलाने मोजतात) प्रत्येक क्षणाचे किमान वेगळे काढता येते आणि उत्तर म्हणून ह्यूबर फलन (शून्याजवळ वर्गासारखे, पुढे सरळ रेषेत वाढणारे) हातानेच मिळते. लायब्ररीत ते तयार आहे, मात्र त्याला दोन लॅम्डाने भागायला विसरू नये, कारण तिथली व्याख्या वर्गापासून सुरू होते. खरी गरज पडते ती एकूण चढउतारासारख्या (शेजारच्या मूल्यांतील फरकांच्या केवलमूल्यांची बेरीज) पदांसाठी, जिथे शेजारचे क्षण एकमेकांत गुंततात. अशी समस्या या लायब्ररीत चार ओळींत लिहून होते आणि क्लॅराबेल किंवा ओएसक्यूपीसारख्या सॉल्व्हरकडे, म्हणजे प्रत्यक्ष आकडेमोड करणाऱ्या प्रोग्रॅमकडे, आपोआप सोपवली जाते.

माझा मुख्य आक्षेप असा की या लायब्ररीला अवकाश कळत नाही, फक्त आकड्यांची रांग कळते. समाकलात काळाच्या पायरीची लांबी गुणून अंतराच्या वर्गात ती गुणली नाही, तर प्रत्यक्षात लागू होणारा लॅम्डा त्या लांबीच्या पटीत बदलतो. शंभराऐवजी हजार पायऱ्या घेतल्या की गुळगुळीतपणा दहापट घटतो, आणि कोणतीही सूचना न येता व्यवस्थित दिसणारे चुकीचे उत्तर हाती पडते. अंतर एच-वन नॉर्ममध्ये (ज्यात मूल्याबरोबर त्याचे अवकलजही धरले जाते) मोजायचे असेल, तर तो नॉर्मही आपणच लिहून द्यावा लागतो.

कॉन्व्हेक्सतेची तपासणी मात्र कडक आहे, कधी कधी नको तितकी. एक अधिक वर्ग यांचे वर्गमूळ कॉन्व्हेक्स असूनही तसेच लिहिले तर नाकारले जाते. तेच दोन घटकांच्या सदिशाची लांबी म्हणून लिहिले की चालते. मला हा हट्ट आवडतो, कारण त्याने लिहिणाऱ्याला रचना ओळखावी लागते. लॅम्डा पुन्हा पुन्हा बदलून पाहायचा असेल, तर लॅम्डाऐवजी त्याचा व्यस्त (एक भागिले लॅम्डा) हा पॅरामीटर, म्हणजे नंतर बदलता येणारी संख्या, म्हणून द्यावा, कारण पॅरामीटरने केलेला भागाकार नियमांत बसत नाही आणि मग प्रत्येक वेळी समस्येची मांडणी नव्याने होऊन वेळ जातो.

एका चलाच्या काळमालिकेसाठी मी ही लायब्ररी निःसंकोच सुचवीन. प्रत्येक क्षणी भौतिक जागेतील दाट जाळीवरचे मूल्य शोधायचे असेल, तर प्रॉक्सिमल पद्धत (वरच्या बेरजेचे किमान पायरीपायरीने काढणारी) स्वतः लिहिणेच परवडते.